बहिणाबाईंच्या शिऊरला

वेरूळला एकदाही न गेलेली बाई आमच्या भागात शोधूनच काढावी लागेल. शाळेची सहल वेरूळला, लग्नानंतरचं पहिलं देवदर्शन घृष्णेश्वराला आणि पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की त्यांना दाखवायलाही वेरूळच! कैलास लेण्यापुढे फोटो काढायचा, अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेल्या देवळात पिंडीवर बेल वाहायचा, रसवंतीत बसून उसाचा रस प्यायचा आणि दिवेलागणीच्या आत घर गाठायचं. पण त्याच वेरूळहून पश्चिमेला जो रस्ता जातो, त्यावर आधी देवगाव रंगारी आणि पुढे शिऊर लागतं, तिथे मात्र वाकडी वाट करून कोणी जात नाही.

देवगाव हे संत बहिणाबाईंचं माहेर आणि शिऊर हे सासर. माहेर आजच्या कन्नड तालुक्यात, सासर वैजापूर तालुक्यात.

इथे आधीच एक खुलासा करायला हवा. मी एका शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. आठवीच्या वर्गात ‘बहिणाबाई कोण?’ असं विचारलं की सगळे हात वर, आणि सगळ्यांच्या तोंडी असोद्याच्या बहिणाबाई चौधरी. त्या थोरच, पण त्या १८८० ते १९५१ या काळातल्या, जळगावकडच्या, शेतात राबता राबता ओव्या रचणाऱ्या. मी म्हणते त्या बहिणाबाई त्यांच्या अडीचशे वर्षं आधीच्या. १६२८ साली जन्मल्या, १७०० साली गेल्या. तुकाराम महाराजांच्या शिष्या. वारकरी संप्रदायाला देवळाची उपमा देऊन पाया कोणाचा, खांब कोणाचा, कळस कोणाचा हे सांगणारा अभंग आपण कीर्तनात शंभर वेळा ऐकलेला असतो, तो यांचाच म्हणून सांगतात. यापुढे मी त्यांना एकेरीच म्हणणार आहे. तुकोबाला, जनीला आपण एकेरीच हाक मारतो की नाही? तसंच.

बहिणेची पुण्यतिथी आश्विन शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे नेमकी घटस्थापनेला! त्या दिवशी घर सोडून बाहेर पडणं कोणत्या गृहिणीला जमणार? घट बसवायचे, माळ चढवायची, नऊ दिवसांचा नंदादीप सांभाळायचा. म्हणून आम्ही जायचं ठरवलं ते संक्रांतीचं हळदीकुंकू आटोपल्यावर. आम्ही राहतो येवल्याला. तिथून वैजापूर जवळच, आणि मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झालंय, तेव्हा खर्चाची सबबही कोणाला सांगता येईना. हो-नाही करता करता सहाजणी तयार झालो. धपाटे, दह्याचा डबा, शेंगदाण्याची चटणी, तिळाच्या वड्या आणि पाण्याच्या बाटल्या, एवढं सामान.

या सहाजणींत आमच्या आळीतल्या एक वहिनी होत्या. नाव सांगत नाही, कारण मग पुढचं लिहिता येणार नाही. वहिनींनी दोन वर्षांपूर्वी तुळशीची माळ घातली. घरात त्याआधी कोणी माळकरी नव्हतं. सुरुवातीला सगळ्यांनी थट्टेवारी नेलं. मग कळलं की माळ ज्या कीर्तनकार महाराजांच्या हातून घातली, त्यांची जात यांच्यापेक्षा ‘खालची’. तिथे बिनसलं. माळ घातल्याचा राग नव्हता एवढा, कोणापुढे वाकून घातली याचा होता. सासूबाईंनी देवघरातल्या पूजेला हात लावू देणं बंद केलं. नवऱ्याने एकदा रागाच्या भरात माळ ओढून तोडली. वहिनींनी कपाटाखाली गेलेले मणी केरसुणीने पुढे ओढले, एकेक वेचला आणि दोऱ्यात पुन्हा ओवून गळ्यात घातले. घरातल्या कामात कसूर नाही, कोणाला उलटून बोलणं नाही. पण त्या घरात आता त्यांच्याशी ‘भाजी वाढ’ आणि ‘दार लाव’ यापलीकडे फारसं कोणी बोलत नाही. हे सगळं मला त्यांनी एकदम सांगितलं नाही. दोन वर्षांत, कधी नळावर, कधी दळणाच्या रांगेत, असं तुकड्यातुकड्याने कळत गेलं. म्हणून बेत ठरताच मी त्यांना आधी विचारलं.

वैजापूरला गाडी बदलली. पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना कांदा, कापसाच्या पळाट्या, मधूनच हरभरा आणि गहू. हा मुलूख तसा पाण्याला तहानलेला. विहिरीवर जरा जोर दिसला की तेवढ्या भागात हिरवं, बाकी सारं मातकट. शिवना नदीच्या खोऱ्यातली ही गावं. बहिणा या वाटांनी गेली असेल तेव्हा इथे काय पिकत होतं कोण जाणे, बाजरीच असावी.

शिऊर हे आपल्याकडच्या कुठल्याही मोठ्या खेड्यासारखं गाव आहे. बहिणेची समाधी गावात आहे. देऊळ गावोगाव असतं तसंच, त्याच्या शिल्पाचं वर्णन करण्यासारखं काही नाही. समाधीपुढे दोन म्हाताऱ्या वाती वळत बसल्या होत्या. आम्ही टेकलो, फुलं वाहिली, आणि दोघीतिघींनी मिळून हरिपाठ म्हटला. गर्दी नाही, रांग नाही, ‘चला पुढे’ म्हणणारं कोणी नाही. मोठ्या क्षेत्रांतून देवापुढे दोन मिनिटंही उभं राहू देत नाहीत, त्या मानाने इथे हवं तितकं बसता येतं.

आता तिची गोष्ट. ती सांगायला दुसऱ्या कोणाची गरज नाही, कारण तिने स्वतःच आपलं चरित्र अभंगांतून सांगून ठेवलंय. त्या काळात एका बाईने, तेही खेड्यातल्या भिक्षुकाच्या बायकोने, स्वतःच्या संसाराची हकीकत अशी उघड करावी ही केवढी गोष्ट! जस्टिन ॲबट नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याने १९२९ साली तिचे अभंग इंग्रजीत नेले. परदेशातले लोक तिच्यावर अभ्यास करतात, आणि पन्नास-साठ किलोमीटरवरच्या आम्हा बायकांना ती ठाऊक नव्हती.

देवगावच्या कुलकर्ण्यांची ही मुलगी. नवसासायासाने झालेली. तीनेक वर्षांची असताना तिचं लग्न शिऊरच्या पाठकांकडे लागलं. नवरा बिजवर, वय तीस. वेद पढलेला, कर्मठ. ती आठ-नऊ वर्षांची झाली तेव्हा माहेरी भाऊबंदकी आणि कर्ज विकोपाला गेलं, आणि एका रात्री आईवडील, ती आणि जावई असे सगळे गाव सोडून निघाले. चालत. पंढरपूर, तिथून शिखर शिंगणापूर, मग सातारा भागातलं रहिमतपूर. रहिमतपुरात काही काळ तिच्या नवऱ्याला भिक्षुकीचं काम मिळालं, म्हणून राहिले. ते संपल्यावर पुन्हा चालत कोल्हापूर. देवगाव ते कोल्हापूर! आपण आज गाडीने जायचं म्हटलं तरी दोनदा विचार करतो. ही परकर-चोळीतली पोर ते अंतर पायी तुडवत गेली. पण तिच्या अभंगांत पायांच्या दुखण्याचं रडगाणं नाही. त्या वाटेवर तिला कथा-कीर्तनाची गोडी लागली, एवढंच ती सांगते.

कोल्हापुरात एका ब्राह्मणाच्या घरी ते उतरले. त्याला कोणी तरी वासरासह कपिला गाय दान दिली होती, ती त्याने यांना दिली. त्या वासराचा बहिणेला विलक्षण लळा. ती जाईल तिथे वासरू. जयराम स्वामी वडगावकरांची तेव्हा कोल्हापुरात कीर्तनं चालली होती. रामदासी परंपरेत ज्यांना रामदास पंचायतन म्हणतात, त्या पाचांपैकी हे एक. बहिणा कीर्तनाला गेली तर वासरूही आत. गर्दीत कोणी तरी ते बाहेर काढलं. ही रडायला लागली, बाहेर वासरू हंबरायला लागलं. स्वामींना कळलं तेव्हा त्यांनी वासराला आत आणवलं, त्याच्या आणि हिच्याही डोक्यावरून हात फिरवला आणि चारचौघांत दोघांचं कौतुक केलं.

झालं! गावभर बोभाटा झाला. तो घरी पोचला आणि नवऱ्याने तिला वेणीला धरून मारलं. एवढ्यावर थांबला नाही, बांधून घातलं. आईवडील त्याच घरात होते. गाय आणि वासरू चाऱ्याला तोंड लावेनात. हे सगळं तिने अभंगांत स्वच्छ सांगितलंय. झाकपाक नाही आणि आरडाओरडाही नाही.

नवऱ्याच्या रागाचं कारणही ती लपवत नाही. तो वैदिक ब्राह्मण, त्याला हे टाळ-भजन हलकं वाटे. त्यातून पुढे बहिणेला तुकोबाचे अभंग ऐकून ऐकून तुकोबाचाच ध्यास लागला. वासरू मेल्यावर ती बेशुद्ध पडली, त्या अवस्थेत तिला तुकोबाने दर्शन दिलं, मंत्र दिला. तेव्हापासून तुकोबा तिचा गुरू. आणि तुकोबा तर वाणी, त्यांच्या हिशेबाने शूद्र! ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू मानायचं? त्यात लोक तिला पाहायला, तिच्या पाया पडायला येऊ लागले. नवऱ्याला वाटे, हिला सगळे विचारतात, मग मी कोण? मला विचाराल तर निम्मा राग धर्माचा होता आणि निम्मा या प्रश्नाचा. घराघरांत ‘आमच्यात हे चालत नाही’ असं जे ठणकावून सांगितलं जातं, त्यातलं किती धर्माचं आणि किती ‘मी कोण?’चं, हे पाहायला हवं.

शेवटी त्याने ठरवलं की हिला माहेरच्यांच्या गळ्यात टाकून आपण तीर्थयात्रेला निघून जायचं. बहिणा तेव्हा गरोदर होती.

इथे देवळाबाहेरच्या लिंबाखाली आमचे डबे उघडले होते, आणि धपाट्यांपेक्षा वादालाच जास्त चव आली. आमच्यातल्या एकीच्या मुलीचा नुकताच घटस्फोट झालाय. ती म्हणाली, “जातो म्हणाला होता ना? जाऊ द्यायचं होतं. पीडा गेली असती.” दुसऱ्या काकू सत्तरीकडच्या. त्या म्हणाल्या, “अगं, त्या काळात टाकलेल्या बाईला पाणी कोण देत होतं?” दोघींचंही खरं आहे. पण मला यातली सगळ्यांत अवघड जागा वेगळीच वाटते.

बहिणा त्या वेळी मनाशी हिशेब मांडते. विठोबाची मूर्ती दगडाची, गुरू पाहिला तो स्वप्नात, आणि नवरा तर हाडामांसाचा, दाराशी उभा. पतीची सेवा हाच आपला धर्म, तो गेला तर जगून काय करायचं, असं ती म्हणते. पुढेही तिने पतिव्रतेच्या धर्मावर पुष्कळ अभंग रचले. आजच्या शिकलेल्या मुली ते वाचून पुस्तक मिटतात. माझी एक मैत्रीण कॉलेजात शिकवते, ती म्हणाली, “तुझी बहिणा शेवटी शरणच गेली की!”

मला तसं वाटत नाही. शरण गेली असती तर तिने तुकोबाला सोडलं असतं. नवऱ्याला हवं होतं ते तेवढंच होतं. गीता वाच, व्रतं कर, कोणी नको म्हटलं नसतं. एक ‘तो वाणी माझा गुरू नाही’ एवढं वाक्य म्हणून टाकलं असतं की संसार सुरळीत. ते वाक्य तिने मार खातानाही म्हटलं नाही, नवरा सोडून चालला तेव्हाही म्हटलं नाही आणि तो परत वळला तेव्हाही म्हटलं नाही. नवऱ्याची सेवा करीन, पण माझ्या मनात कोण बसेल ते मी ठरवीन, अशी तिची दुहेरी गाठ आहे. ती सुटत नाही म्हणून कोणाला ती शरणागती वाटते, कोणाला पातिव्रत्य वाटतं. ज्या बायका बाहेर पडू शकत नाहीत किंवा पडू इच्छित नाहीत, त्यांनी आपला देव कसा राखायचा, याचं तिने काढलेलं हे उत्तर आहे. एकमेव उत्तर आहे असं मी म्हणत नाही. आजच्या बाईला कायदा आहे, नोकरी आहे, माहेरचं दार पूर्वीपेक्षा उघडं आहे, आणि मार खाणं ही भक्तीची अट नक्कीच नव्हे. काही जणींनी आजही बाहेरच पडावं आणि त्यांना सगळ्यांनी साथ द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

ती काही मुकाट सोसणारी नव्हती, हेही लक्षात ठेवायला हवं. वेद आणि पुराणं बाईला नालायक ठरवतात, मग बाईच्या जन्माला आलेल्या मी परमार्थ साधायचा कसा, असा रोखठोक सवाल तिने देवाला केला आहे. आणि ‘वज्रसूची’! त्या नावाच्या संस्कृत ग्रंथाचा विषय तिने मराठी अभंगांत आणला. विषय काय, तर ब्राह्मण कोणाला म्हणायचं? जन्माने की देहाने की रंगाने की विद्येने? एकेक कारण घेऊन ते ती खोडून काढते आणि ब्रह्म जाणतो तो ब्राह्मण, इथवर येते. ज्या कारणासाठी तिला मारलं, त्याच कारणाला तिने असं शांतपणे उलटं टांगलं. भाकऱ्या थापता थापता हे विचार तिच्या डोक्यात चालले असतील. मला तर वज्रसूची वाचताना तव्याचा चटका जाणवतो.

नवरा अखेर गेलाच नाही. निघायच्या तयारीत असताना त्याला ताप भरला, तो महिनाभर उतरेना. ती रात्रंदिवस उशापायथ्याशी. त्या आजारात त्याला उपरती झाली. एका वृद्ध ब्राह्मणाने येऊन त्याचे कान उघडले, असं ती सांगते. बरा झाल्यावर तो आपणहून म्हणाला, चल देहूला. मग सगळे पुन्हा चालत निघाले, गायीलाही घेऊन, आणि देहूला तुकोबाच्या पायांवर त्या कर्मठ वैदिकाने स्वतः डोकं ठेवलं.

गोष्ट इथे संपली असती तर सिनेमासारखी झाली असती. पण देहूला दुसरं दार बंद झालं. मंबाजी गोसावी तिथे मठ करून होता. राहायला जागा मागायला हे त्याच्याकडे गेले, तर ब्राह्मण असून शूद्राचे शिष्य होता म्हणून त्याने दोघांना वाटेल तसं बोलून घालवलं. पुण्याच्या एका वजनदार गोसाव्याला पत्र लिहून तक्रार केली. त्यांची गाय पळवून नेली, तीन दिवस बांधून मारली. त्या गायीचे वळ तुकोबाच्या पाठीवर उठले, असं बहिणा लिहिते. ज्या नवऱ्याने कोल्हापुरात बायकोला वाळीत टाकलं होतं, त्यालाच देहूत बायकोच्या बाजूला उभं राहून लोकांच्या शिव्या खाव्या लागल्या! मला या भागाचं नेहमी नवल वाटतं. दाराच्या आतलं भांडण मिटलं आणि दोघं मिळून बाहेरच्या भांडणात पडली. अशी पाळी किती नवऱ्यांवर येते?

देहूला मी पूर्वी सासूबाईंबरोबर गेले आहे. इंद्रायणीकाठी ज्या शिळेवर तुकोबाने तेरा दिवस अन्नपाण्यावाचून धरणं धरलं असं सांगतात, ती शिळा तिथे आहे. त्यावर बांधलेल्या शिळा मंदिराचं लोकार्पण जून २०२२ मध्ये झालं. तेव्हा मला फक्त वह्या बुडवल्याची गोष्ट ठाऊक होती. विठ्ठल मंदिरात, ज्या गावात गुरूच्याच वह्या नदीत गेल्या त्याच गावात, एक पोरसवदा बाई पोटात मूल घेऊन ओवरीत बसून कीर्तन ऐकत होती, हे तेव्हा माहीत असतं तर मी त्या देवळात जरा जास्त वेळ बसले असते. तिची मुलगी काशी देहूच्याच मुक्कामात झाली. पुढे मुलगा झाला, त्याचं नाव विठोबा. मग कधी तरी हे कुटुंब शिऊरला परतलं, आणि बहात्तराव्या वर्षी शिऊरलाच तिने देह ठेवला. त्याआधी मुलाला जवळ बोलावून आपल्या मागच्या बारा जन्मांची हकीकत सांगितली, असं तिचे अभंग म्हणतात. मागच्या जन्मांचं आपल्याला काय कळणार! पण मरणाच्या दारात असलेली आई आणि ऐकत बसलेला मुलगा, एवढं चित्र मला पुरतं.

जेवण झाल्यावर बाकीच्याजणी हात धुवायला गेल्या तेव्हा वहिनींनी मला हळूच विचारलं, “बाई, तिने त्याला माफ केलं का हो?”

मी शिक्षिका, उत्तर द्यायची सवय. पण याचं सरळ उत्तर अभंगांत नाही. मी म्हटलं, “माफ केलं असं कुठे लिहिलेलं मला आठवत नाही. पण मारलं ते लिहिलंय, आणि तो आजारी पडल्यावर सेवा केली तेही लिहिलंय. दोन्ही ठेवलंय.”

वहिनींनी मान हलवली. थोड्या वेळाने म्हणाल्या, “मग बरं केलं.” काय बरं केलं, लिहिलं ते की सेवा केली ते, मी विचारलं नाही.

देवगाव रंगारीला पोचेपर्यंत उन्हं कलली होती. आम्ही आधी सासर पाहून मग माहेरी आलो, हेही बायकांच्या रीतीला धरूनच म्हणायचं. बाजारपेठेचं गाव, रस्त्यावर टपऱ्या, चहाची हॉटेलं, वडापावचा वास. इथल्या तीर्थाचं, इथे वडिलांनी केलेल्या अनुष्ठानाचं बहिणेने भरभरून वर्णन केलंय. ते सगळं हुडकायला वेळ नव्हता, परतीची गाडी गाठायची होती. चहा पिता पिता एवढंच मनात आलं की नवव्या वर्षी रात्रीच्या अंधारात हे गाव सोडलेल्या मुलीने म्हातारपणी आठवण काढली ती इथल्या तीर्थाची आणि देवाची. भाऊबंदांच्या नावाने बोटं मोडलेली नाहीत.

कोणाला जायचं असेल तर सांगते. छत्रपती संभाजीनगरकडून येणाऱ्यांनी सकाळी लवकर वेरूळ आटोपावं आणि तिथूनच पश्चिमेला देवगाव, शिऊर करावं. नाशिक-येवल्याकडच्यांना वैजापूरमार्गे आधी शिऊर सोयीचं. जेवणाची पंचाईत नको म्हणून डबा घरूनच न्यावा. ऊन्हाळ्यात मात्र जाऊ नये, सावली कमी आणि पाण्याचे हाल. जाण्याआधी तिच्या आत्मचरित्राचे अभंग एकदा तरी वाचून जावं. ते वाचले नाहीत तर शिऊरमध्ये बघण्यासारखं काही नाही.

आता तुकाराम बीजेला, म्हणजे फाल्गुन वद्य द्वितीयेला, देहूला जायचं आमचं चाललंय. त्या दिवशी तिथे फार गर्दी असते, म्हणून आदल्या दिवशीच पोचायचं आणि मुक्काम करायचा. माणशी किती येईल त्याचा हिशेब मी वहीत मांडलाय. पाचजणींनी पैसे दिले. वहिनींनी अजून दिलेले नाहीत. रात्रीच्या मुक्कामाचं घरी कसं विचारायचं, ते त्यांचं ठरत नाहीये. मी त्यांची जागा धरून ठेवली आहे.